गाडी ह्यांना, पुढचा शाफ्ट मुलीला

मी, ह्या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे सहासष्ट, पूर्वी गिअर कारखान्याच्या तपासणी खात्यात बावीस वर्षे नोकरीला, त्यानंतर आजतागायत घरामागच्या शेडमध्ये गाड्यांचे गिअर आणि एक्सल दुरुस्त करून देणारी, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, एवढीच तक्रार आहे. येत्या मंगळवारी ती बदलायची आहे. झडपेचा आणि डोक्याचा संबंध नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे व तो कागद सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करीत आहे. माझ्यावर दडपण आणायचा प्रयत्न ह्या घरात आजवर एकाच माणसाने केला आणि तो कलम चारमध्ये येईल.

डॉक्टरांविषयी इथेच लिहून टाकते, नंतर राहून जाईल. मी त्यांना विचारले, नवी झडप कोणत्या मापाची? ते म्हणाले, "आत गेल्यावर माप घेऊ." मी कपाळाला हात लावला. म्हटले, मग दोन-तीन मापांच्या आणून ठेवा आणि सगळी खोकी आधी उघडून बघा. ते हसले. मी विनोद केलेला नव्हता. हे मी का म्हटले, तेही कलम चारमध्ये आहे.

वकीलबाईंनी एक छापील नमुना आणला होता, त्यात फक्त मोकळ्या जागा भरायच्या होत्या. तो मी परत केला. त्यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचे एवढेच असावे, का द्यायचे आणि कोणावर राग आहे ते असू नये. मी त्यांना सांगितले की कारण न लिहिता नुसता निकाल लावायचा, असे आमच्या तपासणी खात्यात चालत नव्हते. ह्या कागदाचा अंमल त्यांनीच करायचा आहे. ह्यापुढे 'हे' असे जिथे येईल तिथे माझे पती समजावेत, वय एकाहत्तर, धंदा वाहनचालक.

कलम एक, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची शेड, हे सर्व मी ह्यांना देते. ह्यांच्यानंतर ते आमच्या एकुलत्या एका मुलीचे. मुलगी जमीन मोजणीच्या खात्यात आहे, दोन दिवसांच्या वाटेवर राहते आणि दर रविवारी फोन करते. स्वयंपाकघर आणि शेड ह्यांच्यामधली खिडकी कोणीही बंद करू नये. त्या खिडकीतून मला चुलीपाशी उभे राहून कोणत्या गाडीचे बेअरिंग गेले आहे ते कळत असे. माझ्या नणंदेने ह्या खिडकीला गेली वीस वर्षे नावे ठेवली, की घरात ऑइलचा वास येतो. नणंदबाई अजून धडधाकट आहेत, त्यांना मी स्वयंपाकघरातला मोठा आरसा देते. त्यांना तो लागतो.

कलम दोन, शिल्लक. बँकेत जे काही असेल ते आधी ऑपरेशनला जाईल, उरलेले दोघांचे मिळून आहे आणि तसेच राहील. ह्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तीन, हत्यारे. प्रेस, जॅक, बेअरिंग ओढायचे पुलर आणि पान्यांची पेटी मुलीला. तिला ती वापरता येणार नाहीत, पण विकताना ती घासाघीस करील. हे केले असते तर चहा पाजून वर फुकट दिली असती. माझे डायल गेज, म्हणजे गिअरच्या दातांमधली केसाएवढी ढिलाई मोजायचे घड्याळ, मी कारखान्यातल्या माझ्या मैत्रिणीला देते. तिला तिथे सगळे 'मायक्रॉन' म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी तिने ते आठ दिवसांसाठी नेले आणि काटा वाकवून परत आणले, वर म्हणाली, "आधीपासूनच असा होता." आधीपासून असा नव्हता. ह्यावेळी परत करायचे नसल्याने तिने वाटेल तेवढा काटा वाकवावा.

कलम चार, गाडी. आमची चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी, रंग मूळचा हिरवा, आता सांगता न येण्यासारखा, माझ्या नावावर आहे. कारखाना सोडताना मिळालेल्या रकमेतून ती घेतली. ही गाडी मी ह्यांना देते. दुसऱ्या कोणाला दिली तर हे रोज सकाळी त्या माणसाच्या दारात जाऊन बसतील आणि त्याला जगणे नकोसे करतील.

ह्या गाडीने हे आठवड्यातून तीनदा वरच्या वस्तीला जातात. पीठ, औषधे, गॅसच्या टाक्या, शाळेच्या बाई, कधी एखादे आजारी माणूस. ओढ्यापर्यंत रस्ता बरा आहे. ओढ्यानंतर नुसता चढ आणि दगड, आणि वर जाता जाता एके ठिकाणी गुडघाभर उंचीची खडकाची पायरी. डाव्या हाताला खाली दरी. तिथे चारही चाकांनी एकदम ओढले तरच गाडी वर जाते. नाहीतर ती मागे येते, आणि मागे यायला तिथे जागा नाही. पंधरा वर्षे हे ती पायरी चढत आले आहेत. गाडी चालवण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करते. माझे भांडण चालवण्याशी नाही.

दीड वर्षापूर्वी एका बंद पडलेल्या खाणीच्या सामानाचा लिलाव झाला. हे तिथे ताडपत्री आणायला गेले होते. परत आले ते टपावर चार टायर बांधून. मी खिडकीतून विचारले,

"अहो, हे काय?"

"टायर."

"ते दिसतंय. कोणाच्या गाडीचे?"

"आपल्या."

"आपल्या गाडीला अठ्ठावीस इंची लागतात. हे तेहतीस आहेत."

"मोठे आहेत ना!" हे म्हणाले. "आता पायरीवर गाडीचं पोट घासणार नाही."

पोटाचे म्हणणे खरे होते, म्हणून जास्त संताप आला. टायर बसेनात तर ह्यांनी ग्राइंडरने मडगार्ड कापले. तरी घासायला लागले तर स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उचलून घेतली. गाडी उचलल्यावर ब्रेकचे पाइप आखूड पडले, ते मी बदलले. शॉकअप आखूड पडले, ते मी बदलले. ह्यातले काहीही करताना मला कोणी विचारले नाही. तुटल्यावर मात्र दर वेळी मलाच हाक आली.

ज्याला गाडीतले कळत नाही त्याच्यासाठी लिहिते. टायर मोठा झाला की चाकाचा एक फेरा लांब पडतो. इंजिनात जोर तेवढाच, पाऊल मात्र मोठे. मग ओढ कमी होते. ती परत मिळवायची तर एक्सलच्या आतले दोन गिअर बदलावे लागतात, मोठा तो क्राउन आणि धाकटा तो पिनियन. आमच्या गाडीत पिनियनला दहा दात आणि क्राउनला एकेचाळीस, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार पूर्णांक एक फेरे. अठ्ठावीसचे तेहतीस केल्यावर हा आकडा चार पूर्णांक आठच्या थोडा पुढे न्यावा लागतो. आठ दात आणि एकोणचाळीस दात असा सेट मिळतो, तो ह्या हिशेबात चपखल बसतो. हे सगळे मी चहाच्या रिकाम्या पाकिटावर मांडून ह्यांना दाखवले. ह्यांनी पाकीट फिरवून मागे काही लिहिले आहे का ते पाहिले आणि म्हणाले, "पण चालतेय ना?"

चालत होती. टॉप गिअर पडला की इंजिन धापा टाकायचे. वेगाचा काटा एकावन्न दाखवायचा तेव्हा गाडी साठने धावत असायची. ब्रेक दाबल्यावर ती पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबायची. शेजारच्या लेथवाल्याच्या फाटकावर त्याचा पोचा अजून आहे. सहा महिन्यांत दोन क्लच प्लेटी जळाल्या. दुसरी जळाली तेव्हा मी हात टेकले आणि सेट मागवले. पुढचा एक्सल अंगाने लहान असतो, त्याचा सेट वेगळा, म्हणून दोन मागवले: एक मागचा, एक पुढचा. दोन्ही बदलायचे म्हणजे बदलायचेच. पुढची चाके एका आकड्याने आणि मागची दुसऱ्या आकड्याने फिरू लागली की चारही चाके जोडताच गाडी स्वतःशीच मारामारी करते.

आता जे लिहिते ते ह्यांना अजून माहीत नाही. खोकी आली, दोन. एक मी उघडले. मागचा सेट, दात मोजले, बरोबर. त्याच दुपारी मी मागचा एक्सल खोलला. चार दिवस शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ चकत्या, घालून आणि काढून दातांमधली ढिलाई जुळवली, गाडी उभी केली. ह्यांच्यावर इतकी चिडलेली होते की जुना क्राउन-पिनियन दारात आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकला, पुन्हा डोळ्यांसमोर नको म्हणून. मग दुसरे खोके उघडले. त्यातही मागचाच सेट होता.

बावीस वर्षे मी दुसऱ्यांची खोकी उघडून तपासली. माझ्या सहीशिवाय एक पिनियन कारखान्याच्या फाटकातून बाहेर गेला नाही. आणि स्वतःच्या शेडमध्ये दुसरे खोके न उघडता मी गाडी खोलली आणि मागे जायचा रस्ताही भंगारात घातला. ह्यांना मी सांगितले की दुकानदाराने घोळ केला. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याचे खापर मी चार महिने ह्यांच्या टायरवर फोडत आले. ते चुकीचे होते. टायरही चुकीचेच होते, पण ते वेगळे.

पुढचा सेट अजून आलेला नाही. दुकानदार दर सोमवारी "ह्या आठवड्यात नक्की" म्हणतो. तोवर गाडीत मागे चार पूर्णांक अठ्ठ्याऐंशी आणि पुढे चार पूर्णांक एक असा संसार आहे. नुसत्या मागच्या दोन चाकांवर ती ओढ्यापर्यंत जाते. वरच्या वस्तीची माणसे खाली येतात आणि टाक्या खांद्यावरून नेतात. शाळेच्या बाईंचा गुडघा दुखतो, त्या चढ चालत जातात आणि ह्यांना काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. हे ओढ्यापाशी गाडी वळवतात आणि घरी येऊन जेवत नाहीत.

अशात तो टायरवाला. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचे दुकान आहे, आणि त्याला येत नाही असे जगात काही नाही, म्हणून मी त्याला 'सर्वज्ञ' म्हणते. त्याने ह्यांना सांगितले, "काका, पायरीपुरताच चारही चाकं जोडायचा लिव्हर ओढा की. दोन मिनिटांचं काम. मावशी उगाच घाबरवतात." हे घरी आले आणि तेच वाक्य मला ऐकवले, फक्त मावशी गाळून.

"दोन मिनिटंच तर आहेत," हे म्हणाले.

"खाली काय आहे तिथं? चिखल का दगड?"

"दगड."

"चिखलात चाक घसरून जातं, हिशेब चुकता होतो. दगडावर कुठे घसरणार? पुढची चाकं ओढणार पुढे, मागची म्हणणार थांब. काहीतरी तुटणार. आणि ते पायरीवरच तुटणार, कारण जोर तिथंच आहे. मागे गाडीत कोण असेल? शाळेच्या बाई?"

"मी कुठे ओढतो म्हटलं? विचारलं फक्त."

"ओढू नका. पुढचा सेट बसेपर्यंत लिव्हरला हात लावू नका."

"बरं."

ह्यांचे 'बरं' मी चव्वेचाळीस वर्षे ऐकते आहे. मडगार्ड कापायच्या आदल्या दिवशीही 'बरं' म्हणाले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले असताना मी गाडीखाली शिरले आणि पुढचा शाफ्ट काढून घेतला, म्हणजे मधल्या गिअरपासून पुढच्या एक्सलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा. तो नसला की लिव्हर ओढला काय आणि न ओढला काय, सारखेच. आठ बोल्ट. शेवटच्या बोल्टला छातीत असे काही झाले की मी तिथेच गाडीखाली पाऊण तास पडून राहिले. झडपेचे निदान त्यानंतरचे आहे.

उठल्यावर ह्यांनी विचारले, "शाफ्ट कुठे गेला?" मी म्हटले, जॉइंट खराब होता, दुरुस्तीला पाठवला. त्यानंतर ह्यांनी एकदाही विचारले नाही. त्याचीच मला जास्त धास्ती आहे. हे गप्प असतात तेव्हा हात चालू असतात. ऑपरेशनची मला भीती वाटते, पण ती एका जागी राहते. मी नसताना हे शाफ्ट शोधून बसवतील आणि शाळेच्या बाईंना घेऊन त्या पायरीला लागतील, ही भीती जेवतानाही असते. ह्या सगळ्या कागदाचे कारण तेवढेच आहे.

कलम पाच, पुढचा शाफ्ट. वरील गाडीचा पुढचा शाफ्ट मी गाडीपासून वेगळा करून मुलीला देते. असे करता येते का, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, मी तो आधीच वेगळा केलेला आहे. तो मुलीच्या खोलीतल्या पलंगाच्या पेटीत, जुन्या रजयांच्या खाली आहे. मुलीने तो कोणाच्याही हातात देऊ नये, वडिलांच्या तर मुळीच नाही, मग ते कितीही गरीब चेहरा करोत. पुढचा सेट येईल तेव्हा तिने स्वतः बोट लावून दात मोजावेत, आठ आणि एकोणचाळीस. सेट बसला की गाडी चारही चाकांवर उचलून धरावी, पुढची दोन्ही चाके एक फेरा फिरवावीत आणि शाफ्टच्या तोंडाचे फेरे मोजावेत. मग मागे तसेच करावे. दोन्हीकडे पाचाला थोडे कमी, आणि दोन्हीकडे सारखे आले, तरच शाफ्ट द्यावा. ती जमीन मोजते, हे तिला जड नाही.

कलम सहा, सर्वज्ञ. टायरवाल्याला मी चहाचे ते पाकीट देते, ज्यावर गणित आहे. ते फ्रिजच्या वर आहे. त्याने ते दुकानात लावावे.

कलम सात. माझ्यामागे शेडमध्ये कोणी भाषणे करू नयेत. मायक्रॉनला बोलायची हौस आहे, तिला कोणीतरी आवरावे.

इथपर्यंतचा मजकूर पुरा झाला. सही करण्याआधी आज, शुक्रवारी दुपारी, वकीलबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, कारण तसा नियम आहे म्हणे. साक्षीला लेथवाला येऊन बसला होता. ह्यांना मी डिझेल भरायला पाठवले होते. वाचन चालू असताना जे झाले तेही ह्यातच नोंदवावे असा मी आग्रह धरला. वकीलबाई लिहीत आहेत आणि मान हलवीत आहेत.

दुसऱ्या खोक्याचा भाग वाचून झाला आणि खिडकीपलीकडून हसू आले. हे डिझेल भरायला गेलेच नव्हते. खिडकीखाली बसून सगळे ऐकत होते. तोंड वर करून म्हणाले, "म्हणजे तूही चुकतेस!" चव्वेचाळीस वर्षांत एवढा आनंद मी त्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही. मी म्हटले, "आत या नाहीतर लांब जा." हे आत आले आणि दाराशी उभे राहिले.

कलम पाच आले. वकीलबाई थबकल्या. मी म्हटले, वाचा, आता कसले लपवायचे. त्यांनी वाचले. हे खाली बघून म्हणाले,

"त्या पेटीतल्या रजया दमट आहेत. बदलायला हव्यात."

मला आधी कळलेच नाही.

"शाफ्टला गंज चढत होता," हे म्हणाले. "म्हणून दर रविवारी तू लेकीशी फोनवर असलीस की काढतो, पुसतो, जॉइंटला ग्रीस भरतो, परत ठेवतो."

"कधीपासून?"

"तू ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. अगं, शाफ्ट लपवायचा तर वाटेत ऑइल गळू देऊ नये. शेडपासून पलंगापर्यंत थेंब होते."

"मग लावला का नाहीत? आठ बोल्ट तर आहेत!"

"तू नको म्हणाली होतीस."

लेथवाल्याने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मी चार महिने रोज सकाळी त्या पलंगाचे झाकण उचलून दांडा जागेवर आहे का ते बघत आले. झडप मिटत नसताना. आणि हा माणूस त्याला तेल लावून परत ठेवत होता, आणि ओढ्यापाशी गाडी वळवत होता, आणि मला एका शब्दाने सांगत नव्हता. मी विचारले, का नाही सांगितले? तर म्हणे, "तुला बघायची सवय लागली होती. म्हटलं, तेवढंच समाधान." मला रडू आले. ते रागाचे होते असे नोंदवायला मी आधी सांगितले. खरे लिहायचे तर सगळे रागाचे नव्हते. मी ह्या माणसावर चार महिने संशय घेतला आणि त्याने चार महिने माझा शब्द पाळला, ह्याची मला लाज वाटते, आणि बरेही वाटते, आणि ह्यांनी ते आधी सांगितले असते तर मला एवढे लिहावे लागले नसते.

दुरुस्ती. कलम पाच रद्द. गाडी शाफ्टसकट ह्यांची. दात मात्र मुलीनेच मोजावेत, कारण शब्द पाळणे वेगळे आणि मोजणे वेगळे. खोडलेल्या जागी माझी छोटी सही आहे.

मग सह्यांची वेळ आली आणि दुसरा साक्षीदार नव्हता. वकीलबाईंचा कारकून येणार होता, त्याची स्कूटर वाटेत बंद पडली. उद्या सकाळी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे आणि वकीलबाई आज संध्याकाळीच परगावी निघाल्या आहेत. मी लेथवाल्याला म्हटले, रस्त्यावरचे कोणीही चालेल, बोलावून आण. तो उठणार एवढ्यात हे म्हणाले, "मी करतो सही."

वकीलबाईंनी शांतपणे समजावले. "काका, तुम्हाला नाही करता येणार. म्हणजे करता येईल, पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष घातली, तर त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं."

"म्हणजे?"

"घर आणि गाडी तुमच्या हातून जाईल. मुलीकडे जाईल."

"जाऊ दे."

"अहो, वेड लागलंय का?" मी म्हटले. "पाच मिनिटं थांबा, तो माणूस आणतोय."

"नको." ह्यांनी कागद स्वतःकडे ओढला. "तू गेलीस तर मला हे मिळणार, तू गेलीस तर मला ते मिळणार. तीनदा ऐकलं मी खिडकीखाली. तू जाण्यातून मला काही मिळतं असं कुठल्याही कागदावर मला नकोय."

"घर जाईल, घर! राहाल कुठे?"

"लेक काय हाकलणार आहे मला?"

"आठवडाभर बसून लिहिलंय मी हे. सगळं बिघडवून ठेवाल."

"मग बरी होऊन ये," हे म्हणाले, "आणि दुरुस्त कर."

मी पेन हिसकावायला उठले. डॉक्टरांनी एकदम उठायला मनाई केली आहे, त्यामुळे हळू उठले, आणि तेवढ्यात सही झाली होती. वकीलबाईंनी विचारले की कागद फाडून नव्याने करायचा का. नव्याने करायला आज वेळ नाही. ह्यांच्या सहीमुळे हे मृत्युपत्र निम्मे निकामी झाले आहे, हे मला पूर्णपणे समजलेले आहे. असे अर्धवट काम मी आजवर शेडबाहेर जाऊ दिलेले नाही. तेव्हा मंगळवारनंतर मला परत येणे भाग आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, आणि जसे आहे तसे मान्य करून खाली सही करीत आहे.

ठिकाण: घराचे स्वयंपाकघर, खिडकी उघडी.
दिनांक: नऊ, शुक्रवार, दुपारी साडेचार.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा लेथवाला. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) नाते, पती. तिने माझ्यासमोर सही केली. नियम मला दोनदा समजावून सांगितला. समजून सही केली आहे.